इंग्रजी विभागात संशोधन म्हणजे नेमकं करतात तरी काय?

दिवाळीच्या सुट्टीत वाढवणला घरी गेले होते. दुपारी ओहोटी लागली आणि आतेबहीण म्हणाली, चल खडकावर जाऊ. ती यंदा इंग्रजी घेऊन एम.ए. झाली. चालता चालता तिने विचारलं, "ताई, तुझ्याकडे लॅब आहे, मशीन आहे, सँपल टाकलं की आकडा येतो. इंग्रजीत पीएचडी करणारे काय करतात गं? शेक्सपिअरवर अजून काही लिहायचं उरलंय का?" घरी आल्यावर आत्याने त्यात भर घातली. तिच्या मते पाच-सहा वर्षं इंग्रजीत घालवून शेवटी दुसऱ्यांची स्पेलिंगच तपासायची.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर माझी समजूतही आत्याच्या समजुतीपेक्षा फार वेगळी नव्हती. सायन्सच्या आम्हा मंडळींना इंग्रजी विभाग आठवतो तो पेपर जर्नलला पाठवायच्या आदल्या दिवशी. "जरा आर्टिकल्स बघून देशील का, ए-द कुठे लावायचं ते?" एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. हा समज माझा कसा मोडला, ते आधी सांगते. बहिणीला द्यायचं उत्तर त्यातच आहे, आणि तुमच्यापैकी जे कला शाखेतून संशोधनाकडे वळायचा विचार करताहेत त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

माझं काम किनाऱ्यावरच्या चिखलातल्या आणि कालवांमधल्या जड धातूंवर आहे. धातू किती आहे हे मशीन सांगतं. पण त्याचा माणसाला त्रास किती, हे काढायला ती कालवं कोण खातं, आठवड्यातून किती वेळा खातं, हे माहीत लागतं. त्यासाठी प्रश्नावली केली. मूळ इंग्रजीत होती, एका आंतरराष्ट्रीय नमुन्यावरून घेतलेली. मीच तिचं मराठी केलं. त्यातला पहिला गाळणीचा प्रश्न होता, "आपण मासेमारी करता का?" उत्तर 'हो' असेल तर पुढचे प्रश्न, 'नाही' असेल तर थेट शेवटच्या पानावर.

खडकावर कोयतीने कालवं फोडणाऱ्या बायकांना मी हा प्रश्न विचारला. जवळपास सगळ्यांनी "नाही" म्हणून सांगितलं. मीही प्रामाणिकपणे 'नाही'वर खूण केली. शेजारी कालवांनी भरलेलं भांडं होतं, तरी माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. कारण फॉर्म जे विचारत होता तेच मी ऐकत होते.

हे सगळे फॉर्म घेऊन मी कॅम्पसवर आले आणि कँटीनमध्ये इंग्रजीत पीएचडी करणाऱ्या एका मैत्रिणीला दाखवले. तिने पहिलंच पान वाचलं आणि विचारलं, "तुमच्याकडे मासेमारी म्हणजे काय?" मी म्हटलं, बोट घेऊन जाणं, डोल लावणं. "मग खडकावरचं काम?" त्याला आम्ही मासेमारी म्हणतच नाही. ते कालवं काढणं असतं, निवट्या पकडणं असतं. मासेमारी पुरुष करतात, होडीतून करतात. बायकांनी मला खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या शब्दाला अगदी बरोबर उत्तर दिलं होतं, माझा शब्दच चुकीचा होता. तो आकडा तसाच पुढे गेला असता तर सगळ्यात जास्त कालवं खाणारी घरं माझ्या तक्त्यात 'धोका नगण्य' या रकान्यात बसली असती. जगभरात मत्स्यव्यवसायाच्या आकडेवारीत बायकांचं काम असंच गळत आलं आहे, हे मला नंतर वाचल्यावर कळलं. सगळं सर्वेक्षण पुन्हा करावं लागलं, त्यात एक हंगाम गेला.

ती मैत्रीण एवढंच म्हणाली, "आम्ही दिवसभर हेच करतो. एखादा शब्द कोणाच्या तोंडी काय अर्थ घेतो आणि दुसऱ्या भाषेत नेला की त्यातलं काय सांडतं, ते बघतो."

आता विभागाबद्दल. मुंबई विद्यापीठाचा इंग्रजी विभाग कलिना कॅम्पसवर आहे. विद्यापीठ 1857 चं, आणि इंग्रजी हा विषय इथे पहिल्यापासून रुजलेला. यात एक गंमत आहे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र शाखा सुरू झाली 1894 मध्ये. म्हणजे इंग्रजी साहित्य हा परीक्षेचा विषय म्हणून त्यांच्या त्या थोर विद्यापीठाआधी आपल्याकडची पोरं घोकत होती. हा विषय आपल्याकडे का आणला गेला, त्यामागे राज्य चालवण्याचा हिशोब कसा होता, यावर गौरी विश्वनाथन यांचं 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' हे 1989 चं पुस्तक आहे. इंग्रजीत संशोधन करायचं मनात असेल तर हे लवकर वाचा. आपण ज्या विषयात आहोत तो विषय कुठून आला हे माहीत असलेलं बरं. (आमच्या रसायनशास्त्रात हे कोणी शिकवत नाही, ही माझी जुनी तक्रार.)

या विभागाची कमाई काय, असं विचारलं तर मी निकालाचे टक्के सांगणार नाही. तिथे बसून माणसांनी काय लिहिलं ते सांगेन. रा. भा. पाटणकर या विभागाचे प्रमुख होते. दिवसा इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसाने 'सौंदर्यमीमांसा' हा मोठा ग्रंथ लिहिला तो मराठीत. 1974 चा ग्रंथ, 1975 चा साहित्य अकादमी पुरस्कार. कांटसारखा तत्त्वज्ञ मराठीत पेलायचा म्हणजे शब्द घडवण्यापासून सुरुवात. निस्सीम इझिकेल इथे शिकवत होते. भारतीय इंग्रजी कवितेचा पाया घालणाऱ्यांतले म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असतात. पण वृंदा नाबर यांच्याबरोबर त्यांनी इंदिरा संतांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद केला, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं? विलास सारंग तर दोन्ही भाषांत कथा लिहायचे. एकाच कथेचं मराठी आणि इंग्रजी रूप शेजारी ठेवलं की कळतं, हा निव्वळ अनुवाद नव्हे, लेखक दोनदा विचार करतोय. साहित्यिक अनुवादाची शैली या विषयावर, इंग्रजी आणि मराठी समोरासमोर ठेवून, त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. भालचंद्र नेमाडे गोवा विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख होते आणि मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावर होते. 'कोसला'वाले नेमाडे सगळ्यांना माहीत, पण इंग्रजीचा मराठीवर काय परिणाम झाला यावर त्यांचा इंग्रजीतला भाषावैज्ञानिक अभ्यास आहे, तो सहसा कोणी उघडत नाही.

पुण्यात अनिकेत जावरे यांनी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात अनेक वर्षं शिकवलं. त्यांचं शेवटचं पुस्तक जातीवर आहे, पण आकडेवारीचं नाही. 'स्पर्श' या एका गोष्टीवर ते थांबतात. शिवणं म्हणजे काय, न शिवणं म्हणजे काय, इथून जातीकडे जातात. तिकडे हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठात शिकवणाऱ्या माया पंडित यांनी बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' इंग्रजीत नेलं. आज अमेरिकेतल्या वर्गात ही पुस्तकं वाचली जातात, त्यामागे इंग्रजीच्या एका प्राध्यापिकेची मेहनत आहे. वाघिणीचं दूध प्यायलेल्या पुष्कळांनी डरकाळी मराठीत फोडली किंवा मराठीसाठी फोडली, असं म्हटलं तर चुकणार नाही.

पण आमच्या डहाणू-तलासरीच्या दृष्टीने सगळ्यात जवळचं उदाहरण महाराष्ट्रातलं नाहीच. तलासरी ओलांडली की गुजरात लागतो, आणि तोच महामार्ग पुढे बडोद्याला जातो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गणेश देवी इंग्रजीचे प्राध्यापक होते. माणूस मूळचा पुणे जिल्ह्यातल्या भोरचा, डॉक्टरेट कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. 'आफ्टर अम्नेशिया' या त्यांच्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजी राजवटीत आपण आपली स्वतःची समीक्षेची परंपरा कशी विसरलो, असा त्याचा विषय. मग 1996 मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि 'भाषा' ही संस्था काढली. छोटा उदेपूरकडे तेजगढला आदिवासी अकादमी उभी राहिली.

त्यांनी नंतर जे केलं त्यात संशोधनाचा प्रश्न कसा जन्मतो ते दिसतं, म्हणून इथे थोडं थांबते. 1961 च्या जनगणनेत भारतातल्या मातृभाषांची नावं 1,652 होती. 1971 च्या यादीत भाषा उरल्या 108. दहा वर्षांत माणसं मुकी झाली नव्हती. 10,000 पेक्षा कमी लोक बोलतात त्या भाषा वेगळ्या दाखवायच्या नाहीत, असं ठरलं होतं. देवींनी विचारलं, त्या बाकीच्या भाषा गेल्या कुठे? 2010 पासून त्यांच्या पुढाकाराने 'भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण' झालं. शिक्षक, कार्यकर्ते, त्या त्या भाषेतले लोक कामाला लागले आणि 780 भाषांची नोंद झाली. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. आता सायन्सच्या माणसाला विचारा, 1,652 वरून 108 हा फरक कशाचा? तो म्हणेल, मोजणीचा निकष बदलला. अगदी बरोबर. आणि निकष बदलल्याने कोणाचं अस्तित्वच कागदावरून गेलं, हे विचारणारा माणूस इंग्रजी विभागातून आला. माझ्या मासेमारीच्या रकान्यात काय वेगळं झालं होतं?

बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ते मोठे लोक. मी काय करू?" हा प्रश्न संशोधनाच्या वाटेवरचा प्रत्येकजण विचारतो आणि मग घाबरून 'जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांतील स्त्रीवाद' असा विषय घेतो. ऑस्टेन वाईट नाही. पण ज्या विषयावर जगभरात कपाटंच्या कपाटं भरली आहेत तिथे नवं सांगायला फार तयारी लागते, आणि वाणगाव स्टेशनवरून लोकल पकडणाऱ्या मुलीकडे जी गोष्ट आधीच आहे ती तिथे उपयोगाची नसते. म्हणून आम्ही दोघी ओटीवर बसून आमच्याच भागातले कागद काढत गेलो.

पहिला कागद बंदराचाच निघाला. वाढवणमध्ये दुसऱ्या कशाची सुरुवात होणार? 19 जून 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली, खर्च 76,220 कोटी रुपये, समुद्रात 1,448 हेक्टर भराव. बंदर हवं की नको, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, आणि एका पंगतीला बसून हा विषय काढायचा नाही असा आत्याचा नियम आहे. इथे त्या वादात शिरत नाही. मला दाखवायची आहे ती एक छोटी गोष्ट. इंग्रजीत या भरावाला 'रिक्लमेशन' म्हणतात. मूळ क्रियापद 'रिक्लेम', म्हणजे परत मागणं, परत मिळवणं. जुन्या इंग्रजीत शिकारी ससाण्याला हाक मारून परत बोलावण्यालाही हाच शब्द होता. म्हणजे इंग्रजी शब्द नकळत सांगतो की ही जमीन आधी आपली होती, समुद्राने घेतली होती, आता आपण परत घेतोय. मराठीत आपण साधं 'भराव' म्हणतो. टाकली माती, झाला भराव. कोण कोणाचं काय परत घेतंय, याबद्दल मराठी शब्द गप्प आहे.

एका शब्दावर एवढं? हो, एवढंच. आणि ही पायरी नीट समजून घ्या, कारण इथे घसरणारे खूप. 'इंग्रजी शब्दात मालकी दडलेली आहे' हे माझं निरीक्षण झालं, संशोधन नव्हे. संशोधन करायचं तर पुढे विचारावं लागेल: मुंबईच्या बॅकबेच्या भरावापासून आजपर्यंतच्या कागदपत्रांत हा शब्द कुठे कुठे येतो, त्याच्या शेजारी कोणते शब्द येतात, मराठी वर्तमानपत्रं त्याचं काय करतात, विरोधकांच्या इंग्रजी निवेदनांत तोच शब्द येतो की ते तो टाळतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझं म्हणणं चुकीचं ठरवेल असं काय सापडू शकतं? समजा मराठी कागदांतही मालकीची भाषा तेवढीच निघाली, फक्त वेगळ्या शब्दांतून, तर माझा दावा पडला. ज्या दाव्याला पडायची सोयच नाही, तो कुठल्याच विभागात चालत नाही. सायन्सवाल्यांचा 'यांच्याकडे डेटा कुठेय?' हा टोमणा मीही मारलेला आहे. डेटा म्हणजे हे कागद. मशीन नाही, पण तपासणी आहे, आणि ती करायला महिनोन्‌महिने बसावं लागतं.

याच धाग्यातलं आणखी एक. 2006 च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत द्यावा लागतो. सारांश, हं. शेकडो पानांचा मूळ अहवाल सहसा इंग्रजीतच असतो. आणि सारांशाची मराठी कोणती? अशा सारांशांत 'आंतरभरती क्षेत्र' असा शब्द येतो. आत्याने आयुष्य त्या क्षेत्रात काढलं, पण हा शब्द ऐकून ती माझ्याकडेच बघेल. उलट ती म्हणते तो 'भांग' अनुवादकाला कळेल का? उधाणाच्या उलट, पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस म्हणजे भांग. शहरातल्या माणसाला केसांचा भांग आठवेल, नाहीतर होळीची. म्हणजे मधे दोन अनुवाद आहेत: इंग्रजीतून प्रमाण मराठीत, आणि प्रमाण मराठीतून आमच्या मांगेलीत किंवा तलासरीच्या वारलीत. पहिला कायद्याने होतो. दुसरा कोणीच करत नाही, ज्याचा त्याने मनातल्या मनात करायचा.

दुसरा कागद मला जास्त आवडला, आणि बहिणीचा विषय बहुधा त्यातूनच येईल. 1945 मध्ये दोन गोष्टी घडल्या. तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. आणि त्याच वर्षी के. जे. सावे यांचं 'द वारलीज' हे इंग्रजी पुस्तक आलं. एकीकडे वारली माणूस चालीरीती, लग्नविधी, देव-देवतांच्या प्रकरणांत नीट विभागलेला, आणि त्याच वेळी तोच माणूस जमीनदाराच्या दारात उभा राहून 'वेठ करणार नाही' म्हणतोय. पुढे गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं. 1970 चं पुस्तक, 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार. 1975 मध्ये त्याचं इंग्रजी रूप आलं आणि त्याचं नाव झालं 'आदिवासीज रिव्होल्ट'.

दोन्ही नावं पुन्हा वाचा. मराठी नावात आदिवासी नाही, उठावही नाही. आहे तो फक्त माणूस, आणि त्याचं जागं होणं. इंग्रजी नावात माणूस गेला आणि त्याच्या जागी 'आदिवासी' आला, जागं होणं गेलं आणि 'उठाव' आला. कोणी चूक केली असं मी म्हणत नाही. इंग्रजी वाचणारा वेगळा, त्याला विषय कळायला हवा, पुस्तक कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते कळायला हवं. पण ज्या माणसांना जनावरासारखं राबवलं जात होतं त्यांच्याबद्दल 'माणूस' हा शब्द वापरणं हाच त्या मराठी नावातला ठोसा आहे. तो इंग्रजीत कुठे गेला? आतल्या पानांत भरून निघाला का? मराठी पुस्तकातले वारली संवाद इंग्रजीत कसे बोलतात? हे बघायचं तर दोन्ही पुस्तकं ओळीला ओळ लावून वाचावी लागतील, आणि ज्या मुलीच्या वर्गात तलासरीच्या वारली मुली होत्या ती हे वाचताना ज्या ठिकाणी थांबेल त्या ठिकाणी लंडनचा प्राध्यापक थांबणार नाही. ऑस्टेनमध्ये तिला हा फायदा नव्हता.

त्याला जोडून जुना पुरावा हवा असेल तर ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड आहे, 1905 चा. त्यात ठाणे जिल्ह्यातल्या वारलीचा नमुना छापलेला आहे. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या भागातला माणूस कसा बोलला याचा छापील तुकडा! मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या कालवांपेक्षा मला त्याचंच जास्त कौतुक वाटलं होतं.

आता जरा व्यवहाराचं, कारण कागद गोळा करून प्रवेश मिळत नाही. युजीसीचे पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर 2022 चे आहेत. पदव्युत्तरला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत. एम.फिल. बंद झालं आहे, त्यामुळे मोठ्या बहिणीभावांचे सल्ले ऐकताना हे ध्यानात ठेवा. जून 2024 पासून नेटच्या निकालाचे तीन गट झाले: जेआरएफ, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी, आणि फक्त पीएचडी. दुसऱ्या-तिसऱ्या गटात प्रवेशासाठी नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन, आणि हे गुण एक वर्षच चालतात. म्हणजे नेट झाली म्हणून निवांत बसलात तर पुन्हा रांगेत. जेआरएफ मिळाली तर महिना 37,000 रुपये. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची स्वतंत्र राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला 750. आमच्या भागातल्या मुलांना हे फार उशिरा कळतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणखी एक गणित असं की प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. जागा म्हणून कमी. त्यामुळे आधी गाइडचं काम वाचा. शोधगंगावर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मिळतात, फुकट. तीन प्रबंधांच्या फक्त प्रस्तावना वाचल्या तरी या माणसाकडे अनुवादावर काम होतं की फक्त ब्रिटिश कादंबरीवर, ते कळतं. मराठी किंवा वारली मजकुरावर इंग्रजी विभागातून काम करता येतं, अनुवाद अभ्यास किंवा तौलनिक साहित्य या नावाखाली. पण तशी तयारी असलेला गाइड हवा आणि प्रबंध इंग्रजीत लिहायची तयारी तुमची हवी.

हे शेवटचं वाक्य लिहिताना मला अडखळायला होतं. आत्या जे बोलते त्यावर प्रबंध, आणि तो आत्याला वाचता येणार नाही. माझंही तेच आहे. कालवांत काय सापडलं हे मी इंग्रजी जर्नलमध्ये छापणार, आणि कालवं फोडणाऱ्या बायकांना ओटीवर बसून तोंडी सांगणार. इंग्रजी विभागातली ती मैत्रीण म्हणते की निदान आम्हाला याची लाज वाटते, तुम्हाला तर प्रश्नच पडत नाही. तिचं बरोबर आहे.

नोकरीचं गोड बोलणार नाही. महाविद्यालयांत कायम जागा कमी निघतात, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, इंग्रजीतले आणि आमच्यातलेही. इंग्रजीवाल्यांना अनुवाद, प्रकाशन, कागदपत्रांची भाषा अशी थोडी जास्त दारं उघडी असतात. पण ती पीएचडीशिवायही उघडतात. फक्त नोकरीसाठी सहा वर्षं घालणार असाल तर हिशोब पुन्हा मांडा.

बहिणीने आता परुळेकरांच्या पुस्तकाची दोन्ही रूपं मिळवली आहेत, इंग्रजी प्रत एका ग्रंथालयातून, पानं पिवळी पडलेली. वहीला मधोमध रेघ मारून एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी असं ती लिहून काढतेय. परवा तिचा फोन आला होता. पहिल्या प्रकरणातच एका शब्दाशी अडलीये. तो वारली शब्द प्रमाण मराठीत कंसात समजावलेला आहे आणि इंग्रजीत मात्र नुसता गाळलाय. "ताई, हे डेटा म्हणून धरायचं का?" मी म्हटलं, पानाचा क्रमांक लिहून ठेव आणि पुढच्या वीस पानांत अजून किती गळलेत ते मोज. तलासरीच्या तिच्या मैत्रिणीच्या आजीला तो शब्द विचारायला ती रविवारी जाणार आहे. रेकॉर्डिंग करण्याआधी आजीला विचार, आणि कशासाठी हवंय ते तिच्या भाषेत सांग, एवढं मी बजावलंय.